मागच्या डाव्या काचेची फिल्म

लोणावळ्यात गाडीच्या काचेला काळी फिल्म लावणारा माणूस त्या वर्षी एकच होता, आणि तो मी. साल अठ्ठ्याहत्तर. मुंबईत दोघं-तिघं होते म्हणे, पुण्यात एक. माझं मूळ काम काचेचं आणि आरशांचं. मुंबई-पुणे रस्त्याला लागून दुकान, पुढे काचांचे कप्पे, आत आरसे, मागे एक खोली. खोलीत मी राहायचो. बंगल्याची खिडकी फुटली की लोकांना गंगाधर काचवाला आठवायचा. फुटली नाही तर आठवायचं काही कारण नव्हतं.

फिल्मचं वेड एका बंगलेवाल्या शेठनं आणलं. त्याच्या भावानं आखातातून एक गुंडाळी पाठवली होती, बरोबर इंग्रजी कागद. तो कागद मला शेजारच्या श्रीपाद मास्तरांनी वाचून दाखवला. मास्तर इतिहास शिकवायचे. वाचलेलं निम्मं त्यांनाच कळलं नाही, उरलेलं मला. पहिल्या खिडकीवर मी फिल्म कोरडीच चिकटवली, पतंगाचा कागद चिकटवावा तशी. काच देवी आल्यासारखी फोडांनी भरली. शेठ काही बोलला नाही, नुसता बघत राहिला. त्यापेक्षा त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग मी हट्टाला पेटलो. रात्री दुसरं काम तरी काय होतं? एका माणसाचा भात शिजायला किती वेळ लागतो? फुटक्या काचांवर तुकडे लावून लावून शिकलो. गाडीची काच आधी धुवायची, मग अर्ध्या ब्लेडनं खरवडायची, मग परत धुवायची. खाली जमिनीवर पाणी शिंपडायचं म्हणजे धूळ उडत नाही. दारं बंद, पंखा बंद. फिल्म नेहमी काचेच्या आतल्या बाजूनं, म्हणजे कारागिरानं गाडीत बसूनच काम करायचं. फिल्मच्या पाठीला एक पारदर्शक पापुद्रा असतो, तो सोलताना काचेवर आणि फिल्मवर साबणाचं पाणी सारखं मारत राहायचं. पाणी आहे तोवर फिल्म सरकते, हवी तशी बसवता येते. मग ट्रकच्या ट्यूबचा रबर लाकडी पट्टीत बसवून मधून कडेकडे पाणी ओढून काढायचं. एक केस आत राहिला तरी तो जन्मभर दिसतो. आणि लावून झाल्यावर चार दिवस काच खाली करायची नाही, नाहीतर ओली फिल्म दाराच्या रबरात अडकून गोळा होते.

गिऱ्हाइकाला यातलं काहीच नको असायचं. त्याचा प्रश्न एकच, "बाहेरून दिसत नाही ना?" म्हणून मी शेवटी त्याला बाहेर उभा करायचो, आपण आत बसायचो आणि आतून तोंडं वेडावून दाखवायचो. त्याला काही दिसायचं नाही, तो खूश. उजेडातल्याला अंधारातला दिसत नाही, अंधारातल्याला उजेडातला दिसतो, एवढीच त्या फिल्मची करामत. हे मी दहा जणांना समजावून सांगितलं असेल. स्वतःला सांगायचं मात्र राहून गेलं होतं.

आता चंद्रिकेचं सांगतो. चंद्रिका माझी मुलगी, एकुलती. ती सहा वर्षांची असताना तिची आई गेली. वेणी घालायला मी शिकलो, काच कापण्यापेक्षा ते अवघड होतं. मुलगी शिकली, मुंबईत टेलिफोनच्या ऑफिसात लागली, आणि पंचाहत्तर साली एक दिवस तिचं पत्र आलं की कचेरीत सह्या करून लग्न केलंय. मुलगा चांगला, पुण्याचा, मुंबईत स्वतःचा छोटा कारखाना. जातीतला नव्हता, पण खरं सांगू, राग त्याचा नव्हता. मला आधी विचारलं नाही, पत्रानं कळवलं, याचा होता. लोकांना टपालानं कळवतात तसं बापाला कळवलं.

आठवड्यानं दोघं पेढे घेऊन दुकानात आली. मी हातातली काच कापायची हिरकणी खाली ठेवली नाही. म्हणालो, "आलात तसे जा. आणि पुण्याला जाता-येता या दुकानापुढं गाडी थांबवायची नाही." चंद्रिका म्हणाली, "बरं." एवढंच. पेढ्याचा पुडा तिनं काउंटरवर ठेवला आणि गेली. मला वाटलं होतं ती रडेल, भांडेल, महिन्याभरात परत येईल. पण मुलगी माझी. तिनं गाडी थांबवली नाही.

आणि तरीही दर शनिवारी ती माझ्या दुकानावरून जायची. सासू-सासरे पुण्यात, तेव्हा शनिवारी सकाळी घाट चढून फिक्या निळ्या रंगाची फियाट पावणेनऊच्या सुमारास लोणावळ्यात शिरायची. नवरा पुढं चालवणाऱ्याशेजारी, ही मागं, डाव्या खिडकीशी. आणि दुकान रस्त्याच्या डाव्याच हाताला. दुकानापुढच्या कोपऱ्यावर बस नाहीतर बैलगाडी आडवी यायची, गाडी मंदावायची, आणि चंद्रिका मान वळवून दुकानाकडं बघायची.

हे मला कसं ठाऊक? मी तर रस्त्याकडं पाठ करून बसायचो. तेवढी अढी मी ठेवली होती. पण समोरच्या भिंतीवर सागवानी चौकटीचा एक आरसा होता, तो खालून लाकडाची चकती घालून असा तिरका केला होता की रस्त्याचा तेवढा तुकडा त्यात बरोबर यावा. शनिवारी साडेआठला मी स्टुलावर बसायचो, हातात काच घ्यायचो, आणि आरशात बघत राहायचो. तिचा चेहरा चार-पाच सेकंद दिसायचा. केस कापले तेव्हा कळलं. चष्मा लागला तेव्हा कळलं. एका पावसाळ्यात फार उतरलेली दिसायची, तेव्हा मला आठवडाभर जेवण गोड लागलं नाही.

आरशाचा धंदा करणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. आरशात मला तुमचे डोळे दिसले की तुम्हाला माझे दिसतात. तेव्हा माझी समजूत अशी की ही आमची दर शनिवारची भेट आहे. पाठ फिरवून बसलोय ते लोकांसाठी. ती बघते, मी बघतो, दोघांनाही ठाऊक आहे, बोलायचं कुणी नाही. तीन वर्षं मी या समजुतीवर काढली. बाकी सहा दिवस मी त्या चार-पाच सेकंदांवर जगायचो, असं कुणी म्हटलं असतं तर मी त्याला दुकानातून हाकलून दिलं असतं, पण ते खरं होतं.

मार्च महिन्यातल्या एका बुधवारी तीच फियाट दुकानापुढं येऊन थांबली. माझ्या हातून काचेची पट्टी पडली. गाडीतून एकटा ड्रायव्हर उतरला. तिशीतला, अंगानं काटक, खाकी शर्ट.

"मिस्त्री, काळी फिल्म तुमीच लावता नव्हं?"

"कुठला तू?"

"म्या टाकव्याचा, टाकवे बुद्रुक. नवसू माझं नाव. मुंबईला गाडीवर हाय, दोन म्हैने झालं. सायेब म्हनले, मागच्या दोन्ही खिडक्या आन मागची काच काळी करून आन. ऊन लय लागतंय म्हनं."

"मुंबईत कुणी मिळालं नाही?"

"बाईंनी सांगितलं, लोनावळ्यात एक मानूस चांगला लावतो. पत्ता बी त्येंनीच दिला."

त्याला बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं. माझ्या मात्र मस्तकात तिडीक गेली. म्हणजे खिडकी बंद करायची तीही माझ्याच हातानं. तीन वर्षांनी पहिला निरोप आला तो हा. नाही म्हणणार होतो. पण नाही म्हटलं तर पुण्याचा माणूस लावून देईल, खिडकी काळी व्हायची ती होणारच. आणि लावायचं माझ्या हातात असेल तर बिघडवायचंही माझ्याच हातात, हा विचार मला तिथंच सुचला.

सांगायला लाज वाटते, पण सांगतो. फिल्म वाईट लावणं फार सोपं असतं. कडेला साबणाचं पाणी आत ठेवायचं, चिमूटभर धूळ राहू द्यायची. त्या दिवशी काच झकास दिसते. पंधरा दिवसांत फोड येतो, महिन्यात कड सुटते, मालक वैतागून सगळी सोलून काढतो. मी ठरवलं, मागची काच आणि उजवी खिडकी चोख करायची, डावी बिघडवायची. उभ्या आयुष्यात गिऱ्हाइकाचं काम मुद्दाम बिघडवलं नव्हतं. आता पोटच्या मुलीचं बिघडवायला बसलो.

मागच्या काचेला बाक असतो, तिथे फिल्म तीन पट्ट्यांत कापून लावावी लागते, जोड दिसता कामा नये. त्यातच दुपार झाली. उजवी खिडकी पाऊण तासात उरकली. मग मी डावीकडे सरकलो. ही तिची जागा. गादी तेवढ्या भागात जरा जास्त दबलेली होती. मी तिथे बसलो, काच धुतली, फिल्म चढवली, आणि खालच्या कडेला बोटानं धूळ सोडली.

आता खरी परीक्षा मला करायची होती. एवढी काळी काच, त्यात ती मला आरशात दिसेल का? अगदी पुसट, निदान चष्म्याची चौकट तरी? मी नवसूला म्हणालो, "जरा आत जा, माझ्या स्टुलावर बस. समोरच्या आरशात बघ आणि सांग, गाडीत मी दिसतो का."

त्याला हे विचित्र वाटलं असणार, पण गेला. रस्त्याकडं पाठ करून बसला. आतून ओरडला, "काय बी दिसत न्हाई. नुसती काळी काच."

मी आतून आरशात त्याचा चेहरा शोधत होतो. आरसा दिसत होता, पण चेहरा नव्हता. आरशात नुसता काळोख. मला वाटलं, फिल्ममुळे असेल. काच खाली करता येत नव्हती, ओली होती. म्हणून मी दारच सताड उघडलं. आता माझ्या आणि दुकानाच्या मधे काहीच नव्हतं.

"आता दिसताय की," नवसू म्हणाला. "डोईवरची टोपी बी दिसतीय."

मला तो दिसत नव्हता. म्हणजे पाठ दिसत होती. खाकी शर्टाची पाठ, आणि तिच्यापुढं एक काळा आरसा. मी मान इकडे केली, तिकडे केली, खाली वाकून तिच्या उंचीला डोळे आणले. दुकान आत अंधारं, रस्त्यावर मार्चचं ऊन. त्याचे डोळे माझ्याकडं होते आणि मला त्या आरशात काही म्हणजे काही दिसत नव्हतं. सकाळच्या उन्हात तर आणखीच नसणार.

मी तसाच बसून राहिलो. दहा जणांना समजावलेली करामत मला आता समजली. तीन वर्षं मी अंधारात बसून तिला बघितलं. ती उजेडात होती. तिला काय दिसलं? दर शनिवारी बाप पाठ फिरवून बसलेला दिसला. शंभर-दीडशे शनिवार. आणि तरी पोरगी दर वेळी मान वळवून बघत होती. मी खुशाल समजत होतो की आमची भेट होते. भेट माझी एकट्याची होत होती. तिची कधी झालीच नव्हती.

नवसू बाहेर आला. "मिस्त्री, बरं न्हाई का वाटत? पानी आनू?"

"आण," मी म्हणालो. प्यायला नको होतं. पण तो जाईपर्यंत डोळे पुसायला वेळ मिळाला.

मग मी ती डावी फिल्म वरच्या कोपऱ्यातून पकडली आणि सोलून काढली. नवसू म्हणाला, "आवो, चांगली तर बसलीती." मी म्हणालो, "खाली धूळ राहिलीय." नवा तुकडा कापला. काच तीन वेळा धुतली, चौथ्यांदा उकळून गार केलेल्या पाण्यानं. दाराचा रबर काढून त्याच्या खाचेतली माती पुसली. आयुष्यात मी एवढं निगुतीनं काही लावलं नसेल. पाच वाजले. बोट फिरवलं तर फिल्म आहे की काचच काळी आहे हे कळू नये, अशी बसली.

"चार दिवस काच खाली करायची नाही," मी नवसूला बजावलं. "बाईंना सांग. खिडकीची मूठ धरायचीच नाही."

शनिवारी मी सकाळी आंघोळ करून धुतलेला शर्ट घातला. साडेआठला स्टूल उचलून बाहेर, दुकानाच्या पायरीपुढं ठेवलं. पण बसून माणूस लहान दिसतो, म्हणून उभा राहिलो. उन्हात, रस्त्याकडं तोंड करून. शेजारचे श्रीपाद मास्तर जाता जाता म्हणाले, "काय गंगाधरपंत, कुणी मंत्री यायचाय का?" मी म्हणालो, "तुम्ही तुमची शाळा बघा."

पावणेनऊला फियाट आली. कोपऱ्यावर मंदावली. डावी काच माझ्यासमोरून गेली, आणि तिच्यात मला दिसला तो मीच. टोपी, पांढऱ्या मिशा, हात दोन्ही बाजूंना लोंबणारे. एवढा म्हातारा मी आरशातसुद्धा कधी दिसलो नव्हतो. गाडी निघून गेली. आत ती होती की नव्हती, डोकं वळवलं की नाही, काही कळायला मार्ग नव्हता. काच खाली झाली नाही, पण ती खाली न करायचा हुकूम माझाच होता. त्या हुकमावर मी आठवडा काढला.

पुढच्या शनिवारी काच वाळली होती. हुकूम संपला होता. मी उभा राहिलो आणि गाडी आली तसा हात वर केला. काचेतल्या म्हाताऱ्यानंही केला. काच वरच राहिली. त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं आणि जेवलो नाही. तिसऱ्या शनिवारी परत हात केला. चौथ्याही. कसं असतं, पाठ फिरवून बसायला काही लागत नाही. बंद काचेला हात करायला अंगातला सगळा ताठा काढून ठेवावा लागतो, आणि तो काढल्यावर माणूस फारच हलका आणि एकटा होतो. तीन वर्षं तिनं हे कसं केलं असेल, याचा विचार करत मी रात्री पडून राहायचो.

पाचव्या आठवड्यातल्या मंगळवारी नवसू आला. गाडी नव्हती. सुट्टी घेऊन टाकव्याला निघाला होता, कान्हे स्टेशनवर उतरायच्या आधी इथं उतरला.

"मिस्त्री, बाईंनी इचारायला सांगितलंय. लावलेली फिल्म काढता येती का? समदी न्हाई. मागची डावी तेवढी."

"का? फोड आला का?"

"न्हाई हो, काम झ्याक झालंय. आतून समदं दिसतंय, बाई सोता म्हनत्यात." तो जरा घुटमळला. "पन म्हनल्या, मी हात केला तर बाहेरच्याला दिसत न्हाई."

मी काउंटरला धरलं.

"म्या म्हनलं, मंग काच खाली करा की. तर म्हनल्या, न्हाई, तशी न्हाई करायची. त्येंनी सांगितल्याबिगर न्हाई. आता त्येंनी म्हंजी कुनी, ते काय बोलल्या न्हाईत. सायबांनी लय सांगून बघितलं, ऐकत न्हाईत. शनिवारी कोपऱ्यावर आलो का हात करत्यात, आन मंग पार वडगाव येस्तवर गप."

चार दिवसांचा हुकूम तिनं धरला नव्हता. तिनं तीन वर्षांपूर्वीचा धरला होता: गाडी थांबवायची नाही, म्हणजे काचही उघडायची नाही. एका रागाच्या वाक्यावर माझी मुलगी अजून जशीच्या तशी उभी होती, आणि मी इकडे तिच्याकडून काच खाली व्हायची वाट बघत होतो. सांगायचं मी होतं. पहिल्यापासून मीच.

"काढता येते," मी म्हणालो. "पाणी मारून सावकाश काढावी लागते. दीड-दोन तास लागतात."

"बरं. मंग बुदवारी रिकामी गाडी आनतो, गेल्या येळंवानी."

"रिकामी नको. शनिवारीच आण. बाईंना घेऊन."

"त्येंचा हितं काय उपेग?"

"त्यांना उतरून इथं बसायचंय. चहा घ्यायचाय."

नवसू माझ्या तोंडाकडं बघत राहिला. "सायेब असत्यात बरूबर."

"त्यांनाही उतरायला सांग."

"त्या न्हाई उतरायच्या, मिस्त्री. हितं गाडी उबी कर म्हनलं की त्येंच्या डोळ्यांत पानी येतं. कुनी सांगितलं म्हनू?"

"सांग," मी म्हणालो, "तुझ्या बापानं सांगितलंय."

नवसूनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि वाकून माझ्या पायांना हात लावला.

"सांगतो, आबा," तो म्हणाला, आणि टाकव्याला न जाता मुंबईकडची गाडी पकडायला उलटा स्टेशनाच्या वाटेला लागला.